तारीख मात्र आजची

४ सप्टेंबर

ठके,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र मधेच कापता येत नाही. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षर जसं आहे तसं आहे. लावून लावून वाच.

तुझा बाप जेवत नाही. माझा सख्खा मोठा भाऊ आहे तो, मला दिसतं. जूनअखेर त्याला त्या वृद्धांच्या घरात ठेवला तेव्हा स्वतःच्या पायांनी दोन जिने चढला, आणि वर पोचल्यावर मलाच म्हणाला, "तुला दम लागला का गं?" आता खाटेवरून खुर्चीत बसवायचा तर दोन माणसं लागतात. मी सुट्टीच्या दिवशी जाते. जाते तेव्हा ताट झाकलेलंच असतं. झाकण उचललं की वर साय धरलेली, म्हणजे चमचासुद्धा लावलेला नाही. गेल्या खेपेला मी भरवायला गेले तर तोंड भिंतीकडे केलं. मी चिडले, बोलले नको ते. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

बाकीचे सहा दिवस मी कारखान्यात प्लास्टर ओतते, छताला लावायच्या नक्षीच्या पट्ट्या. त्याला घरी ठेवून कामावर जाता येत नव्हतं, म्हणून तिथे ठेवला. ते घरही तूच शोधलंस. "आत्या, तिथलं सगळं मला इथून दिसेल," असं चिठ्ठीत लिहिलंस. काय दिसतं तुला, ते तरी कळव.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. दोन वर्षांपूर्वी मी फोन करून सांगितलं की दादा जिन्यावरून पडला, शुद्धीवर नाही. तू मिळेल त्या गाडीने धावत आलीस, आणि दादा दारात बसून पंखा दुरुस्त करत होता. तुझी आई गेल्यापासून तुमचं बोलणं बंद. मला वाटलं, समोरासमोर आलात की बोलाल. बोललात. इतकं बोललात की शेजाऱ्यांनी ऐकायला टीव्ही बंद केला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो मला बसला. तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस. ठीक आहे. पण एकदा खोटं बोललेली बाई जन्मभर खोटंच बोलते असं नाही.

ये. आलीस की आशीर्वाद देते.

आत्या

—

१० सप्टेंबर

ती. आत्यास, नमस्कार.

पत्र मिळालं. तू विचारलंस मला काय दिसतं, तर सांगते.

त्या घराची वेबसाइट आमच्या ऑफिसने केली आहे, आणि त्यातलं रोजच्या हालहवालाचं पान मी स्वतः केलं आहे. तिथली आयाबाई रोज सकाळी प्रत्येकाची माहिती भरते आणि घरच्या माणसांना ती दिसते. मी नऊ वाजता ऑफिसात बसले की चहाच्या आधी बाबांचं पान उघडते. आजचं उघडलं आहे, तसंच उतरवून देते. वर आजची तारीख. खोली सात. खाली: "जेवण: नेहमीप्रमाणे. चालणं: स्वतः. मन: शांत."

काल हेच होतं, परवाही हेच होतं. तू तिथे आठवड्यातून एकदा जातेस. ती बाई रोज असते.

बाबा चाळीस वर्षं दारोदार फिरून लोकांचे विजेचे मीटर वाचत होते. त्यांच्या हाताखालचे काही जण घरी बसून अंदाजाने आकडे टाकायचे, तेव्हा ते म्हणायचे, "मीटर बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही." मी तेच करते आहे, आत्या. रोज मीटर बघते. माझं दुधाने तोंड पोळलं आहे, आता ताकसुद्धा फुंकून पिणार. त्या दिवशी दारात मला बघून ते काय म्हणाले, ते तू ऐकलंस. "कुणी बोलावलं हिला?" पुन्हा ते ऐकायला मी येणार नाही.

दोन मऊ सदरे पाठवते आहे. पुढे बटणं आहेत, घालायला सोपे.

ठकी

—

१७ सप्टेंबर

ठके,

पत्र वाचलं आणि कामावरून अर्धा दिवस सुट्टी टाकून थेट त्या घरी गेले. मॅनेजरला म्हटलं, दाखवा ते पान. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. एकेक अक्षर लावून वाचलं. तू लिहिलंस तेच. तारीख आजची आणि खाली "चालणं: स्वतः". मी म्हटलं, उठा, चला सात नंबरमध्ये, आणि चालवून दाखवा त्याला. तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं.

ते कोण भरतं विचारलं तर चष्मेवालीला बोलावलं. ती आयाबाई गं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी तिला सगळ्यांदेखत विचारलं, खाटेला खिळलेला माणूस स्वतः चालतो असं लिहायला हात कसा धजला? ती म्हणाली, "मी खरं लिहिते. हे मी लिहिलेलं नाही." मी म्हटलं, मग काय भुताने लिहिलं? ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसांचा आधीच राग येतो, मग मी आणखी बोलले. मॅनेजरनेही तिलाच धारेवर धरलं. त्याला कोणावर तरी ढकलायचंच होतं. तिला त्याच दिवशी काढून टाकलं. पिशवी भरताना ती दादाच्या खोलीत जाऊन आली. काय बोलली माहीत नाही. बरं झालं गेली ती, असं मी घरी येईपर्यंत म्हणत होते.

दादाच्या हातात पेला धरवत नाही. सदरा घातला, गळ्यात ढगळ होतो. तुझा बाप केवढा होता आठव.

तो तुझं नाव काढतो का, असं तू विचारलं नाहीस, पण सांगते. माझ्यासमोर एकदाही काढलं नाही. काढलं असं लिहिलं असतं तर तू कदाचित आली असतीस. पण कानाला खडा लावला आहे. खोटं लिहिणार नाही.

तरीही ये.

आत्या

—

२४ सप्टेंबर

ती. आत्यास,

त्या बाईला काढलं हे मॅनेजरच्या मेलमधूनही कळलं. आठ दिवस झाले. आता दुसरी बाई माहिती भरते आहे, आणि पान अजून तेच सांगतं आहे. "जेवण: नेहमीप्रमाणे. चालणं: स्वतः. मन: शांत." एका अक्षराचा फरक नाही.

आत्या, दोन वेगळ्या बायका एकाच शब्दांत खोटं लिहीत नाहीत. मी यावर दोन दिवस विचार केला. त्या दोघी खऱ्या असतील तर उरतं कोण, ते तूच बघ. तुझ्यामुळे एका बाईचं काम गेलं. मला आणायचा हट्ट तू सोडत नाहीस, आणि मधे कोण चिरडतं ते तुला दिसत नाही.

मला पुन्हा या विषयावर लिहू नकोस. बाबांना काही लागलं तर मॅनेजरला सांग, तो मला कळवेल.

ठकी

—

३० सप्टेंबर

ठके,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र घेऊन मी पुन्हा तिथे गेले. नव्या बाईला म्हटलं, तू भरतेस ते मला बघू दे, मी काही बोलत नाही. तिच्या मागे खुर्ची ओढून बसले. तिने माझ्या डोळ्यांदेखत भरलं: "जेवण: नाही." "चालणं: नाही." मी दोनदा लावून वाचलं. मग तशीच उठून मॅनेजरच्या टेबलापाशी गेले आणि तुझं ते पान उघडायला लावलं. "जेवण: नेहमीप्रमाणे." हातच्या काकणाला आरसा कशाला? आत एक जातं आणि बाहेर दुसरं येतं.

आता तुला माझ्या कामातली गोष्ट सांगते, कॉलेजात ती शिकवत नसतील. आमच्याकडे पट्ट्यांचे रबरी साचे असतात. कपाट वरच्या मजल्यावर आहे. दर वेळी कोण चढणार, म्हणून चालू साचा टेबलावर हाताशीच ठेवतो. मागच्या वर्षी गिऱ्हाइकाने नक्षी बदलून मागितली. मुकादमाने नवा साचा करून आणला, कपाटात ठेवला, आणि जुना उचलायला विसरला. आम्ही आपल्या टेबलावरच्या साच्यात ओततोय. मी एका पाळीला, दुसरी एक दुसऱ्या पाळीला, आमची तोंडओळखसुद्धा नाही. दोनशे पट्ट्या निघाल्या, सगळ्या जुन्या नक्षीच्या, आणि सगळ्यांत तीच पाकळी तुटकी. मुकादम आम्हा दोघींवर ओरडला. प्लास्टर ताजं होतं गं, त्याच दिवशी कालवलेलं. साचा जुना होता.

दोन बायका एकाच शब्दांत खोटं लिहीत नाहीत, हे तू बरोबर बोललीस. पण एका साच्यातून दोघी एकच चूक काढतात. तुझं पान कसं चालतं मला ठाऊक नाही. तुझ्या टेबलावर कोणता साचा पडलाय ते जाऊन बघ.

चष्मेवालीचं वाटोळं मात्र मी केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिचा पत्ता काढते आहे.

डॉक्टर म्हणाला, आठवडा धरून चाला. मी विश्वास ठेव म्हणत नाही. साचा बघ आणि मग काय ते ठरव.

आत्या

—

२१ ऑक्टोबर

ती. आत्यास,

परत येऊन दहा दिवस झाले. तिथे असताना तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. तू भांडी घासत होतीस आणि मी पुसत होते. आता सगळं क्रमाने लिहिते.

तुझं पत्र ५ तारखेला दुपारी मिळालं. आधी रागच आला. मग पाकळीचं वाचलं आणि पत्र हातात धरूनच मशीनपुढे बसले.

तू म्हणालीस अगदी तसंच होतं. आमच्याकडेही पानाचा साचा वेगळा असतो आणि त्यात भरायची माहिती वेगळी. दर वेळी साचा नव्याने काढायला वेळ लागतो, म्हणून मशीन तो एकदा काढून हाताशी ठेवतं. नवा साचा केला की जुना टाकून दे असं त्याला सांगावं लागतं. एका ओळीचा हुकूम असतो. जूनअखेर बाबा तिथे आले त्याच आठवड्यात मी नवा साचा केला. माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये साचा कधी साठवत नाहीत, तिथे दर वेळी नवाच निघतो, म्हणून मला तो बरोबर दिसला. सगळ्यांना पान दाखवणाऱ्या खऱ्या मशीनला मी तो हुकूम दिला नाही. ते बंद पडून पुन्हा चालू झालं असतं तरी जुना साचा गेला असता. पण तीन महिने ते एकदाही बंद पडलं नाही. ऑफिसात मी त्याचं कौतुक करत होते.

जुन्या साच्यात फक्त तारीख आणि खोली बदलत होती. खालच्या तीन ओळी मी नमुना म्हणून टाकल्या होत्या, पान दिसायला कसं दिसतं ते बघायला, तिथे एकही माणूस राहायला यायच्या आधी. "नेहमीप्रमाणे, स्वतः, शांत" हे माझेच शब्द. मीच लिहिलेलं मी रोज सकाळी नऊ वाजता वाचत होते, आणि ते मला ओळखू आलं नाही. हवं तेच लिहिलेलं होतं, म्हणून.

हुकूम दिला, पान पुन्हा उघडलं. क्षणात सगळं आलं. चष्मेवालीचे सत्याहत्तर दिवस, एकही दिवस न चुकता. नव्या साच्यात मी "आणखी काही" म्हणून एक रिकामी जागा ठेवली होती. इतरांच्या पानांवर तिथे "औषध बदललं" असं काहीबाही आहे. बाबांच्या पानावरचं तुझ्यासाठी हाताने उतरवून पाठवते, तू पडद्यावर बघणार नाहीस.

९ जुलै. जेवण: अर्धं. चालणं: भिंत धरून. आणखी काही: मुलगी हे वाचते असं मी सांगितलं. म्हणाले, मग लिहा की मीटर चालू आहे.

२८ जुलै. जेवण: चार चमचे. चालणं: धरून. म्हणाले, तिचं काही उत्तर येतं का यात? मी म्हटलं, यात उत्तराची सोय नाही.

१९ ऑगस्ट. जेवण: दोन चमचे. चालणं: नाही. मुलगी आली होती तेव्हा दारात वाईट बोललो, म्हणाले. बोलावलं कुणी हे विचारायचं नव्हतं, का आलीस इतक्या लांबून, जेवलीस का, असं विचारायचं होतं. हे लिहू नका म्हणाले. तरी लिहिते.

७ सप्टेंबर. जेवण: नाही. बहीण येते तेव्हा तिच्यासमोर मुलीचं नाव काढत नाहीत. ती लगेच फोन करेल आणि पुन्हा काहीतरी खोटं सांगेल, म्हणाले. मुलीने पान बघून आपणहून यावं.

१६ सप्टेंबर. जेवण: नाही. आज मला काढलं. त्यांना सांगितलं, यापुढे दुसरी लिहील. मी खरं लिहीत होते.

ही शेवटची नोंद. नव्या बाईने ती जागा कधी भरली नाही.

त्या घरात बाबा धरून एकोणचाळीस माणसं आहेत. सगळ्यांची पानं तीन महिने "शांत" होती आणि तुझ्याशिवाय कुणाच्याही घरून एक प्रश्न आला नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन वाजायचा थांबेना.

आता तुला एक सांगायचं आहे. ६ तारखेला मी पोचले तेव्हा तू डॉक्टरकडे गेली होतीस. तू परत आल्यावर विचारलंस, ओळखलं का? मी हो म्हटलं. ते खोटं होतं. डोळे उघडे होते, पण त्यांना माझा फक्त चष्मा दिसत असावा. मला म्हणाले, "बाई, लिहिलंत का आज?" मी म्हटलं, लिहिलं. "तिने बघितलं का?" मी म्हटलं, बघितलं. "मग झालं," म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, ते तुला माहीत आहे.

मी ठकी आहे, असं त्यांना सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते विचारतील, इतके दिवस काय बघत होतीस, याची भीती वाटली.

ऑफिसात साहेब म्हणाले, "तांत्रिक अडचण" असं लिहून मोकळी हो. मी माझं नाव घालून लिहिलं, आणि त्या बाईची काही चूक नव्हती हेही लिहिलं. तिला परत बोलावतो असं मॅनेजरने कळवलं आहे. ते काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. पण सवय जात नाही. नऊ वाजता हात आपोआप खोली सातकडे जातो. तिथे आता दुसरं कोणीतरी आहे. ते जेवतं.

ठकी

—

२ नोव्हेंबर

ठके,

तुझं पत्र तीन दिवस घेऊन बसले. ७ सप्टेंबरचं सगळ्यात जास्त वेळा वाचलं. माझ्या एका खोट्यापायी तो तोंड दाबून पडून राहिला, आणि मी तुला लिहिलं की तुझं नाव काढत नाही. खरं लिहिलं आणि तेच नडलं. डोकं बडवून घ्यावंसं वाटलं, पण कामावर जायचं होतं.

चष्मेवाली सापडली. मॅनेजरने बोलावलं तरी ती परत गेली नाही. एका धुलाईच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालते. मी दाराशी उभी राहिले. तिने मला ओळखलं आणि घडी घालत राहिली. मी म्हटलं, चुकलं माझं, सगळ्यांदेखत बोलले, आता सगळ्यांदेखत सांगते. तिथल्या चारपाच बायका बघायला लागल्या. ती म्हणाली, "आता कशाला." मी म्हटलं, निदान दोन शिव्या तरी घाल. घातल्या नाहीत. चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं. दहाबारा चादरी घडी करून झाल्या असतील. मग तिने एवढंच विचारलं, "मी लिहिलं होतं ते मुलीला दिसलं का?"

मी म्हटलं, दिसलं. कधी दिसलं ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. याला खोटं म्हणायचं असेल तर म्हण.

चष्म्याला अजून दोराच बांधलेला आहे. नवी काडी बसवून देते म्हटलं तर नको म्हणाली.

दादाने ओळखलं असं तू मला सांगितलंस, मी तुला दादा पडला म्हणून सांगितलं होतं. आता कोणी कोणाचं खोटं काढून दाखवायचं नाही. पण तू त्याला "बघितलं" म्हणालीस, त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. तो "मग झालं" म्हणाला ना? माणूस ज्याची वाट बघत होता ते झालं असं समजून गेला. तुला ते पुरणार नाही, मला माहीत आहे. मलाही पुरत नाही.

माझं विचारशील तर उजवा गुडघा गेला आहे, कामावर तळमजल्यावरच बसावं लागतं. प्लास्टरच्या धुळीने खोकला येतो. जिथे हे लिहिते आहे तिथे समोर दादाची खुर्ची आहे, तुझे दोन सदरे धुऊन तिच्यावर ठेवलेत. कोणाला द्यायचे ते तू येऊन ठरव. फोन केलास तर उचलेन, पण फोनवर मी बरी आहे असंच सांगेन, सगळेच सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नकोस. ये आणि बघ.

सप्टेंबरपासून तुझा आशीर्वाद माझ्याकडे राहिला आहे. आलीस की देईन म्हटलं होतं. त्या वेळी आलीस तेव्हा द्यायचा राहून गेला. पत्रातून पाठवणार नाही.

आत्या